५७४ मण्यांतले दोन

आयुष्यभर पुरेल एवढे दुखणे किती लहान चुकीतून जन्माला येऊ शकते? याचे उत्तर अगदी मोजून देता येते. रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्ले असतात. त्यांतली ५७२ जशी हवीत तशी आहेत आणि फक्त दोन बदलली आहेत. बस्स, एवढेच. आणि एवढ्यावर थंडीच्या एखाद्या रात्री आठ वर्षांच्या मुलीच्या मांड्या, नडग्या, पाठ आतून ठणकायला लागते. चोळून थांबत नाही, शेकून थांबत नाही. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर.

चंद्रपूर-गडचिरोलीत या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. जिवती-राजुऱ्यापासून धानोरा, एटापल्ली, भामरागडपर्यंत 'सिकलसेल' हा शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गोंड, माडिया, परधान, हलबा अशा आदिवासी समाजांत तो आहे, तसाच विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. दुखणे उसळले की डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात, आणि आता घरातली म्हातारी माणसेही तेच म्हणतात. वर्षानुवर्षे असे क्रायसिस येत राहिले की खुब्याचे हाड झिजते आणि मग दोन क्रायसिसच्या मधल्या दिवसांतही दुखणे मुक्कामाला राहते.

या दुखण्याच्या मुळाशी एक अमिनो आम्ल आहे. त्यावरच्या इलाजांत अमिनो आम्ले आहेत. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेण्याच्या कामातही अमिनो आम्लच आहे. आणि गंमत अशी की यातली तीन-चार कामे एकाच घराण्यातली आम्ले करतात. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख.

आधी अमिनो आम्ल म्हणजे काय ते पाहू. माडिया बायकांच्या गळ्यातल्या रंगीत मण्यांच्या माळा तुम्ही पाहिल्या असतील. शरीरातले प्रत्येक प्रथिन ही अशीच एक माळ असते आणि तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. मण्यांचे प्रकार वीस. त्यांतले अकरा शरीर स्वतः घडवू शकते. उरलेले नऊ मात्र खाण्यातूनच यावे लागतात. डाळ, अंडे, मासळी, शेंगदाणे काहीही खा, पोटात त्या प्रथिनांची माळ तुटते, मणी सुटे होतात आणि तुमचे शरीर ते आपल्या क्रमाने पुन्हा ओवते. काल ताटातल्या तुरीत असलेला मणी उद्या तुमच्या नखात असू शकतो किंवा रक्तात.

हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा एकमेकींत गुंतलेल्या असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या. दोन बीटा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. बीटा माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येते. माळा दोन, म्हणून बदललेले मणीही दोन.

हे शोधून काढले कसे, हीसुद्धा थक्क करणारी हकीकत आहे. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. कारण कुणालाच सांगता येईना. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सरकवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले! म्हणजे दोष पेशीत नव्हता, थेट रेणूत होता. एखाद्या आजारासाठी रेणूवर बोट ठेवण्याची ती पहिलीच वेळ. पण रेणूत नेमका कुठे? केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे विकराने (एन्झाइमने) लहान लहान तुकडे केले आणि ते ओल्या कागदावर पसरवले. तीसेक ठिपके उमटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जुळत होते, एक सोडून. त्या एका ठिपक्याचा माग काढत १९५७ मध्ये ते त्या एकाच मण्यापर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची पहिली नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या जंगलातले पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडदुखणे आणि केंब्रिजच्या कागदावरचा तो ठिपका एकाच गोष्टीची दोन टोके होती.

या मण्याने एवढे काय बिघडवले? ग्लुटामिक आम्लावर विजेचा भार असतो आणि त्याला पाणी आवडते. व्हॅलिन तेलकट स्वभावाचे. त्याला पाण्यात राहवत नाही, ते लपायला जागा शोधते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर नेमकी तशी एक तेलकट खोबण उघडी पडते. व्हॅलिन तिच्यात जाऊन बसते. मग त्या रेणूला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. बघता बघता चौदा पदरांचा कडक दोर तयार होतो आणि असे दोर पेशीला आतून ताणतात. एरवी तांबडी पेशी इतकी लवचीक असते की आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. आता ती ताठ होते, विळ्यासारखी वाकते, अडकते. तिच्यामागे दुसरी अडकते. पुढच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही आणि हाड ओरडते.

इथे चौकस वाचकाच्या मनात प्रश्न येणारच. व्हॅलिन हे तर शरीराला बनवता न येणाऱ्या नऊ आम्लांपैकी एक. ते जेवणातूनच येते. मग व्हॅलिन असलेले अन्न बंद केले तर? उत्तर आहे, नाही. माळेत कुठे कोणता मणी ओवायचा हे ताट ठरवत नाही, जनुक ठरवते. तीनशे कोटी अक्षरांच्या आपल्या जनुकीय लिखाणात 'ए'च्या जागी 'टी' असे एकच अक्षर बदलले आहे, म्हणून सहाव्या जागेची मागणीच व्हॅलिनची असते. तेच व्हॅलिन स्नायूंत, त्वचेत, बीटा माळेतल्याच इतर अनेक जागांवर अत्यंत गरजेचे आहे. ते तोडले तर मूल खंगेल, आजार मात्र तसाच राहील. म्हणून डाळ बंद करा, अंडी बंद करा असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

आता मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात दर मिनिटाला अब्जावधी पेशी प्राणवायू सोडतात. मग सगळ्याच का अडकत नाहीत? माणूस क्षणभर तरी जगतो कसा? कारण दोर वळायला सुरुवात होण्याआधी थोडा वेळ जातो. केशवाहिनी ओलांडायला पेशीला साधारण एक सेकंद लागतो आणि आणखी काही सेकंदांत ती फुप्फुसात परतून पुन्हा प्राणवायू उचलते. प्राणवायू मिळाला की सगळे चिकटलेपण सुटते. म्हणजे प्रत्येक फेरीत ही एक शर्यत असते आणि बहुतेक पेशी ती जिंकतात. ज्या हरतात, त्यांच्यामुळे दुखते.

ही शर्यत कशावर ठरते? पाण्यावर! पेशीतले हिमोग्लोबिन जरासे दाट झाले की दोर वळायला लागणारा वेळ जरासा कमी होत नाही, तो कित्येक पटींनी कोसळतो. दाटपणातला दोन-चार टक्क्यांचा फरकसुद्धा पेशीला शर्यत हरवायला पुरतो. आता मे महिन्यातले चंद्रपूर आठवा. पारा ४५ च्या वर. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून जंगलात वाकून पाने तोडणारी माणसे, सोबत पाण्याची एखादी बाटली. त्यात सिकलसेलच्या रुग्णाची आणखी एक अडचण असते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि खारटपणा जास्त, त्यामुळे तिथे पेशी सहज वाकतात आणि लघवी दाट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडाची शक्ती लहानपणीच जाते. शरीर तहानलेले असतानाही पाणी बाहेर जातच राहते. सिकलसेलचे मोठे मूल अंथरूण ओले करते तेव्हा त्याला रागावू नये. त्याचे मूत्रपिंड पाणी धरू शकत नाही. अशा मुलाने तहान लागायची वाट न पाहता दिवसभर पाणी, ताक, आंबील, पेज पीत राहणे हा खराखुरा इलाज आहे. त्याला एक पैसा लागत नाही आणि तो रेणूच्या पातळीवर काम करतो.

पाण्यानंतर आता आणखी एक अमिनो आम्ल, आर्जिनिन. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात या आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. आयुष्य जेमतेम काही सेकंदांचे, काम मोठे: वाहिनी सैल करणे, रस्ता रुंद करणे. या वायूचे काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चा नोबेल मिळाला. आता सिकलसेलमध्ये काय होते पाहा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी दहा ते वीस दिवसांत फुटते. फुटताना तिच्यातून सांडलेले हिमोग्लोबिन तो वायू गिळून टाकते. आणि त्याच फुटलेल्या पेशीतून आर्जिनेज नावाचे विकर बाहेर पडते, ते वायूचा कच्चा माल असलेले आर्जिनिनच तोडून टाकते. रस्ता रुंद व्हायला हवा नेमक्या त्याच वेळी तो आवळला जातो.

मग आर्जिनिन बाहेरून दिले तर? अमेरिकेत क्रायसिससाठी दाखल झालेल्या ३८ मुलांवर अशी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ज्यांना आर्जिनिन दिले त्या मुलांना अफूवर्गीय वेदनाशामके ५४ टक्के कमी लागली. एका साध्या अमिनो आम्लाने निम्म्याहून अधिक! दवाखान्यातला मुक्काम मात्र त्याने नक्की घटला असे म्हणता आले नाही, आणि चाचणी लहानच होती. तरीही शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे तीन ग्रॅम आर्जिनिन असते हे कळल्यावर गूळ-शेंगदाण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. औषध म्हणून नव्हे. रोज लुटल्या जाणाऱ्या साठ्यात भर म्हणून.

आता त्या घराण्याकडे वळू. ग्लुटामिक आम्लाचे अगदी जवळचे भावंड म्हणजे ग्लुटामिन. हिमोग्लोबिनमधून ज्या आम्लाची जागा गेली, त्याच्याच भावंडाचे औषध झाले! जुलै २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पाच वर्षांवरील सिकलसेल रुग्णांसाठी ग्लुटामिनच्या भुकटीला मान्यता दिली. २३० रुग्णांवरच्या ४८ आठवड्यांच्या चाचणीत ग्लुटामिन घेणाऱ्यांना मध्यकाने (मीडियन) तीन क्रायसिस आले, न घेणाऱ्यांना चार. सिकल पेशीला आतून ऑक्सिडीकरणाचा सतत मार बसतो आणि तो सोसण्याची रसद ग्लुटामिन पुरवते, असे यामागचे स्पष्टीकरण आहे. फायदा खरा पण मर्यादित. युरोपच्या नियामकाला तर २०१९ मध्ये तेवढा पुरावा पुरेसा वाटला नाही आणि तिथे मान्यता मिळाली नाही. दोन्ही बाजू माहीत असाव्यात म्हणून सांगितले.

आणि हेच ग्लुटामिन जेवणातून का नको? ते तर बहुतेक सगळ्या प्रथिनांत असते. पण औषधाची मात्रा मध्यम वजनाच्या माणसाला दिवसाला वीस ग्रॅम असते, आणि जेवणातल्या ग्लुटामिनचा मोठा वाटा रक्तात पोचतच नाही. आतड्याचे अस्तर तो वाटेतच इंधन म्हणून वापरते! आपण खाल्लेल्यातून आधी आतडे स्वतःचे पोट भरते आणि मग उरलेले पुढे पाठवते. भरपूर खाऊनही औषधाचे काम ताटातून होत नाही ते यामुळे.

घराण्याची पुढची गोष्ट मज्जारज्जूतली आहे. हाडातून निघालेली दुखण्याची तार पाठीच्या कण्यात येते आणि तिथल्या पहिल्याच सांध्यावर निरोप पुढच्या पेशीला देते. कशाच्या रूपाने? ग्लुटामेटच्या! म्हणजे ग्लुटामिक आम्लच. जे आम्ल हिमोग्लोबिनमधून नाहीसे झाल्याने दुखणे सुरू झाले, तेच आम्ल दुखण्याची वर्दी घेऊन जाते. निरोप घेणाऱ्या पेशीवर एक दार असते आणि त्यात मॅग्नेशियमचा कण अडून बसलेला असतो. निरोप पुन:पुन्हा, जोराने येत राहिला की तो कण बाहेर फेकला जातो, दार उघडते, कॅल्शियम आत शिरते आणि ती पेशी हळवी होऊन बसते. मग थोडक्या निरोपालाही ती मोठा आवाज करते. वर्षानुवर्षे क्रायसिस सोसलेल्या माणसाला रक्तवाहिनी मोकळी असतानाही दुखते, त्याला हे एक कारण आहे. 'तपासणीत काही निघत नाही, म्हणजे नाटक करतो' असे त्याला म्हणणे हा अन्याय आहे. त्याच्या मज्जातंतूंनी दुखणे शिकून घेतले आहे.

मग मॅग्नेशियम दिले तर दुखणे लवकर ओसरेल का? क्रायसिसमध्ये मुलांना शिरेतून मॅग्नेशियम देऊन अमेरिकेत चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचा निकाल आला, फायदा दिसला नाही. कागदावर सुंदर दिसणारी प्रत्येक कल्पना शरीरात चालतेच असे नाही. आणि खाण्यातल्या ग्लुटामेटची धास्ती घ्यायचेही कारण नाही, कारण त्याला आतडे बहुतेक वाटेतच जाळते आणि उरलेल्याला मेंदूभोवतीची भिंत अडवते.

पण या भिंतीला चुकवून आत शिरणारे, ग्लुटामेटची हुबेहूब नक्कल करणारे एक अमिनो आम्ल आपल्याच पूर्व विदर्भाच्या शेतात पिकते. लाखोळीच्या डाळीत! धान उभे असतानाच ओलाव्यात लाखोळी फेकतात, पाऊस नसला तरी ती येते. दुष्काळात सगळे पीक गेले तरी लाखोळी उरते, आणि महिनोन्‌महिने दुसरे काही न खाता तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. ग्लुटामेटचा तो तोतया चालण्याच्या मज्जापेशींना अखंड चेतवत ठेवतो आणि शेवटी त्या मरतात. या भीतीने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. भात-भाजीबरोबर बेताने, भिजवून आणि उकळलेले पाणी टाकून देऊन खाल्लेली लाखोळी वेगळी आणि उपासमारीत एकटी खाल्लेली लाखोळी वेगळी, हे आता बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. आणि याच डाळीत होमोआर्जिनिन नावाचे, आर्जिनिनचे दुर्मीळ भावंड भरपूर असते. त्यापासूनही रक्तवाहिनी सैल करणारा तोच वायू बनतो. एकाच दाण्यात मज्जातंतूंना मारणारे आम्ल आणि रक्ताचा रस्ता मोकळा करणारे आम्ल! कोणते वरचढ ठरेल हे ताटात सोबतीला काय आहे त्यावर ठरते.

ग्लुटामिनचे शेवटचे काम तर मला अजूनही नवल वाटायला लावते. सिकलसेल घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. का? कारण आईच्या पोटात असल्यापासून त्याच्या रक्तात गर्भाचे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा माळेऐवजी गॅमा माळ असते आणि तिच्या ८७ व्या जागी ग्लुटामिन असते. तो एक मणी दोर वळूच देत नाही! सहाएक महिन्यांत बीटा माळ बहुतांशी तिची जागा घेते, आणि मग एक दिवस बाळाचे तळहात-तळपाय सुजतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मोठेपणीही गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते, म्हणून क्रायसिस कमी होतात. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किलोमागे दहा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही ते आपल्या मुलांना उपयोगी पडते हे २०१२ मध्ये दाखवून दिले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकोपचारात बीटा माळेच्या ८७ व्या जागी मुद्दाम ग्लुटामिन बसवलेले आहे. निसर्गाने गर्भासाठी केलेली युक्ती माणसाने जशीच्या तशी उचलली. मान्यतेच्या वेळी त्या उपचाराची किंमत ३१ लाख डॉलर होती. भामरागडच्या मुलाला आज मिळू शकते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, आणि ती रोज घेणे फार मोलाचे आहे.

एवढे दुखणे देणारे जनुक इतक्या पिढ्या टिकले तरी कसे? मलेरियामुळे. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या मलेरियाने सर्वाधिक गांजलेल्या जिल्ह्यांपैकी एक. आई-बापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, आजार होत नाही, पण जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ मध्ये हे दाखवले. जंगलातल्या डासांनी हे जनुक जपले.

मग ताटात काय असावे? सिकलसेलचे मूल स्वस्थ पडले असतानाही इतरांपेक्षा जास्त ऊर्जा जाळते, कारण हाडांच्या पोकळीतला रक्ताचा कारखाना कधी थांबतच नाही. म्हणून त्याला वाढत्या वयात इतरांहून थोडे जास्तच खायला हवे. निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज लागते असे आपले राष्ट्रीय पोषण मानक सांगते. पन्नास किलोला बेचाळीस ग्रॅम. नुसत्या भाताने ते भागत नाही. भातात लायसिन हा मणी तोकडा पडतो, डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, भातात ते असते. दोन्ही एका जेवणात आले की माळ पुरी होते. त्यावर अंडे, नदीची मासळी, सुके झिंगे, मूठभर शेंगदाणे, तीळ-जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोटा आणि रानातल्या इतर हिरव्या भाज्या, कारण इतक्या वेगाने नवे रक्त घडवायला फॉलिक आम्ल लागते. ते कमी पडू नये म्हणून डॉक्टर गोळीही देतात. लोहाची गोळी मात्र तपासणीशिवाय नको. सिकलसेलमधला पंडुरोग नेहमी लोहाच्या कमतरतेने होत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. प्रथिनांचे डबेही आपल्या मनाने आणू नयेत. मूत्रपिंड दुखावले असेल तर ते भारी पडतात.

आहाराने जनुक बदलत नाही आणि क्रायसिसही पूर्ण थांबत नाहीत. पण पाणी, पुरेसे अन्न, रोजची गोळी आणि थंडीत अंगावर ऊबदार कपडे यांनी शर्यत हरणाऱ्या पेशी कमी होतात. आणि कमी पेशी हरल्या की दुखण्याच्या रात्री कमी होतात.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी स्वतंत्र केंद्रही आहे. पहिली तपासणी बोटातल्या रक्ताच्या थेंबाची. तो द्रावणात टाकला आणि द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे. तो गढूळपणा म्हणजे प्राणवायू गेल्यावर एकमेकांना चिकटून विरघळेनासे झालेले हिमोग्लोबिन, तुमच्या डोळ्यांसमोर! वाहक की रुग्ण हे ठरवायला पुढे रक्त विजेच्या क्षेत्रात सरकवून पाहतात, पॉलिंग यांनी १९४९ मध्ये पाहिले तसेच.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही ही चाचणी करून घ्यावी. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. आणि घरातल्या किंवा शेजारच्या तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय सुजून ते सारखे रडत असेल, तर झाडपाल्यात आठवडा घालवू नका. त्याला उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि सिकलसेलची तपासणी मागून घ्या.